स्टेपनी नावापुरती नको

नवी एसयूव्ही बघायला शोरूममध्ये गेलेलं कुटुंब सनरूफ उघडझाप करून बघतं, मागच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसून बघतात, डिकीत किती बॅगा मावतील याचा अंदाज घेतात. डिकीतला गालिचा उचलून खाली कोणतं चाक आहे, हे मात्र क्वचितच कुणी बघतं. ते बघितलं तर तीनपैकी एक गोष्ट दिसते. चार चाकांसारखंच पाचवं चाक, त्यांच्यापेक्षा लहान किंवा बारीक चाक, नाहीतर चाकाऐवजी द्रावणाची बाटली आणि हवा भरायचा छोटा पंप.

यातली तिसरी सोय कायद्याला धरून आहे. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ ऑक्टोबर २०२० पासून तो लागू झाला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी देण्याचं बंधन कंपनीवर राहिलं नाही. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीला आणि सीएनजी गाडीत टाकीला जागा लागते, त्यामुळे ही सवलत कंपन्यांच्या पथ्यावर पडली.

किट खिळ्यावर चालतं. टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला, तर द्रावण आतून ते छिद्र बुजवतं आणि पंक्चरवाल्यापर्यंत गाडी नेता येते. आपल्याकडचा पावसाळा मात्र खिळ्यांपेक्षा खड्ड्यांचा असतो. पाण्याने भरलेल्या खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की टायरची बाजूची भिंत चिरते, तिला फुगा येतो, कधी रिमच वाकते. अशा वेळी बाटलीचा उपयोग शून्य. कुटुंबासह ताम्हिणी किंवा आंबोली घाटातून जाणाऱ्यांना पाचवं चाक हवंच, ते याच कारणाने. रोजचा प्रवास शहरातल्या शहरात असेल आणि फोन केल्यावर मदत लगेच येत असेल, तर किटवर भागू शकतं.

बुटक्या चाकाचं गणित

डिकीतलं अगदी बारीक, तात्पुरतं चाक लगेच ओळखू येतं. त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेचा स्टिकर असतो आणि त्यात बहुधा ६० पीएसआय हवा लागते, म्हणजे नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट. जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचवणं एवढंच त्याचं काम. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची वेगमर्यादा आहे. तिथे अशा चाकावर शेकडो किलोमीटर जाणं ना सुखाचं, ना सुरक्षित.

खरी फसगत होते ती मधल्या प्रकारात. क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड विटारा अशा गाड्यांच्या अनेक व्हेरिएंटना २१५/६० आर १७ मापाचे टायर येतात. या वर्गातल्या गाड्यांत वरच्या व्हेरिएंटला चार अलॉय १७ इंची आणि स्टेपनी मात्र १६ इंची लोखंडी रिमवर २०५/६५ आर १६, अशी जोडी दिसते. दिसायला हे चाक भरदार असतं, त्यामुळे तेच ‘फुल साइज’ असं गृहीत धरलं जातं. ते खरं की नाही, हे टायरवरचे आकडे सांगतात.

पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर. वर-खाली दोन भिंती, म्हणून २५८. त्यात १७ इंचांचे सुमारे ४३२ मिळवले की चाकाचा पूर्ण व्यास येतो ६९०. याच रीतीने २०५/६५ आर १६ चा व्यास भरतो ६७३. फरक १७ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण अडीच टक्के. आकडा किरकोळ वाटतो, पण या हिशेबाने लहान चाकाला किलोमीटरमागे ११-१२ फेऱ्या जास्त माराव्या लागतात. गाडी सरळ रस्त्यावर असली तरी डिफरन्शियलला सतत वळणावर असल्यासारखं काम करावं लागतं. एबीएस चाकांच्या फिरण्यावरूनच अंदाज बांधतं, त्यालाही एक चाक वेगळं दिसतं. पाच-पन्नास किलोमीटर हे चालून जातं, पण त्यावर आठवडाभर गाडी हाकू नये.

चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाडीत ही तफावत अधिक महागात पडू शकते. लिव्हर किंवा बटणाने फोर-व्हील ड्राइव्ह लावायची सोय असेल, तर वेगळ्या व्यासाचं चाक असताना कोरड्या रस्त्यावर ते लावू नये. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना ओढत राहतात आणि त्याचा भार गिअरवर येतो.

रिम लहान, चाक तेवढंच

‘रिम वेगळी म्हणजे चाक वेगळं’ हा समज मात्र बाजूला ठेवायला हवा. २६५/६० आर १८ आणि २६५/६५ आर १७ ही दोन मापं पाहा. रिममध्ये एका इंचाचा फरक, पण पहिल्याचा व्यास ७७५ आणि दुसऱ्याचा ७७६ मिलिमीटर. रस्त्याच्या दृष्टीने दोन्ही चाकं एकच.

वरच्या उदाहरणातही म्हणूनच स्वस्तातला मार्ग निघतो. १६ इंची लोखंडी रिम आहे तीच ठेवायची आणि तिच्यावरचा टायर बदलून २१५/६५ आर १६ चढवायचा. त्याचा व्यास ६८६, म्हणजे फरक जेमतेम चार मिलिमीटर. टायर झिजल्यामुळे पडणारा फरक याहून मोठा असतो. नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटर खोल आणि वापरलेल्याची तीन असेल, तर एकाच मापाच्या दोन टायरच्या व्यासात १० मिलिमीटरचं अंतर पडतं. टायर बदलण्याआधी रिमची रुंदी त्या टायरला चालते का, हे दुकानदाराकडून तपासून घ्यावं.

मापाच्या शेजारी भारांक आणि वेगाचं अक्षर असतं, उदाहरणार्थ ९६ एच. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची क्षमता. स्टेपनीचा भारांक गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापेक्षा कमी नसावा. सात माणसं आणि वर सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत तर नाहीच.

विकत घेण्यापूर्वी

पाचवं चाक वेगळं घ्यायचं ठरलं तर तीन वाटा आहेत. कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवरून मूळ अलॉय घेणं सगळ्यात महाग, पण निर्धास्त. त्याच मापाची लोखंडी रिम स्वस्त पडते, ठोकर खाल्ली तर वाकते पण सहसा तडकत नाही, आणि एरवी डिकीत पडून राहणाऱ्या चाकाला चकाकीची गरज नसते. तिसरी वाट जुन्या बाजाराची. तिथे वाकलेली अलॉय सरळ करून, वेल्डिंग करून, रंग देऊन विकायला ठेवलेली असू शकते. आतल्या बाजूने वेल्डिंगची रेघ दिसली तर ती घेऊच नये.

रिम कुठलीही असो, चार गोष्टी जुळायला हव्यात. नटांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, म्हणजे पीसीडी. मधलं छिद्र हबवर नेमकं बसणं. ऑफसेट, नाहीतर चाक आत-बाहेर सरकून कशाला तरी घासतं. आणि ब्रेकच्या कॅलिपरला पुरेशी मोकळी जागा. मोठ्या डिस्क ब्रेकवर लहान रिम बसतच नाही, असंही होतं. अलॉयचे नट लोखंडी रिमवर नीट टेकतात का, हेही बघावं, कारण दोघांच्या खाचांचा आकार वेगळा असू शकतो. याची खात्री करण्याचा एकच भरवशाचा उपाय आहे. नवं चाक दुकानातच पुढे आणि मागे प्रत्यक्ष लावून, हाताने फिरवून बघायचं.

मग जागेचा प्रश्न. बारीक चाकासाठी केलेल्या खोलगट जागेत मोठं चाक ठेवलं तर डिकीची फळी उचलली जाते, कधी मागचं दार नीट लागत नाही. घरून टेप घेऊन जावं. गाडीखाली साखळीने टांगलेल्या स्टेपनीला चिखल आणि गंज लागतो, त्यामुळे वर्षातून एकदा ती उतरवून बघावी. आयत्या वेळी साखळी सुटली नाही तर घाटात करायचं काय? मोठं चाक साधारण वीसेक किलोचं भरतं, ते उचलून बसवणारं घरात कोण आहे, याचाही विचार आधीच झालेला बरा.

हवा महिन्यातून एकदा पाचही चाकांत बघावी. हवेचा दाब सांगणारा सेन्सर बहुतेक स्टेपनींत नसतो, त्यामुळे ती लावल्यावर डॅशबोर्डवर दिवा पेटला तर घाबरू नये. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. न वापरलेलं रबरही कडक होतं, म्हणून पाच-सहा वर्षांनी ते तज्ज्ञाला दाखवावं आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही कोरी दिसली तरी बदलावं. पाचही चाकं एकाच मापाची असतील, तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला स्टेपनीही फेऱ्यात घ्यावी. पाचही टायर सारखे झिजतात आणि पाचव्यावर खर्च केलेले पैसे नुसते पडून राहत नाहीत.

नव्या गाडीच्या खरेदीत मॅट, सीट कव्हर, परफ्यूम यांवरून घासाघीस होतेच. त्याऐवजी बुकिंगच्या आधी डिकी उघडायला लावून पाचव्या चाकाचं माप लिहून घ्यावं, आणि सवलत मागायचीच असेल तर चारांच्या बरोबरीचं पाचवं चाक मागावं.