ड्रोनमधली चूक सापडली, तर सांगायची कुणाला आणि कशी?

कोरेगाव भीमा : शिरूर-दौंडच्या आभाळात ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. उसावर फवारणी, लग्नाचं शूटिंग, बिबट्याचा माग, गावठाणाची मोजणी अशा कामांना तो लागतो. १ जानेवारीला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखोंचा जनसमुदाय येतो, तेव्हा पोलीसही ड्रोनमधून नजर ठेवतात. गावठाण मोजणीचा पहिला प्रयोग तर शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीतच झाला होता.

२०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याच्या तक्रारी या भागात आल्या. चोरांच्या भीतीनं गावोगाव गस्त सुरू झाली. तेव्हा सगळ्यांचा प्रश्न एकच होता, 'ड्रोन कुणाचा?' दुसरा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. आपल्याच ड्रोनचा ताबा दुसऱ्या कुणी घेतला तर?

चूक कुठे असते?

ड्रोन म्हणजे उडणारा कॉम्प्युटरच. त्यात शिरायला तीन दारं असतात. एक ड्रोनमधलं सॉफ्टवेअर, दुसरं रिमोट आणि मोबाईल ॲप, तिसरं कंपनीचा सर्व्हर. उड्डाणाची नोंद, फोटो, शेताचा नकाशा बऱ्याचदा या तिसऱ्या ठिकाणी साठतो. तिन्हीपैकी एक दार उघडं राहिलं तरी परका माणूस आत शिरू शकतो. फवारणीचा, टाकी भरलेला ड्रोन पंचवीसेक किलोच्या घरात जातो. तो वस्तीवर कोसळला तर काय होईल, हे सांगायला नको.

ही नुसती कल्पना नाही. जर्मनीतल्या बोखुम इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांना डीजेआय या चिनी कंपनीच्या ड्रोनमध्ये १६ त्रुटी सापडल्या. काहींचा वापर करून ड्रोनचा सिरीयल नंबर बदलता येत होता, तर काहींमुळे उडता ड्रोन खाली पाडता येत होता. संशोधकांनी आधी कंपनीला कळवलं, कंपनीनं दुरुस्ती केली आणि त्यानंतर २०२३ मध्ये शोधनिबंध जाहीर झाला.

त्याआधी २०१८ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या तज्ज्ञांना डीजेआयच्या लॉगिनमध्ये दोष सापडला होता. त्यातून दुसऱ्याच्या खात्यातले फोटो आणि उड्डाणाच्या नोंदी पाहता येत होत्या. मार्चमध्ये कळवलं आणि दुरुस्ती झाल्यावर नोव्हेंबरमध्ये जाहीर केलं. यालाच जबाबदारीनं कळवणं म्हणतात. आधी मालकाला सांगायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, मग लोकांना सांगायचं. जगभरात साधारण ९० दिवसांची मुदत रूढ आहे.

कंपनीनं नीट वागलं नाही तर?

२०१७ मध्ये डीजेआयनं त्रुटी सांगणाऱ्यांना १०० ते ३०,००० डॉलर बक्षीस जाहीर केलं. केविन फिनिस्टर या संशोधकाला कंपनीच्या सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या इंटरनेटवर उघड्यावर पडलेल्या दिसल्या. त्याला ३०,००० डॉलर देऊ केले गेले. पण करारातल्या अटी तोंड बंद करणाऱ्या आणि आपल्याला कायदेशीर संरक्षण न देणाऱ्या आहेत, असं म्हणत त्यानं बक्षीस नाकारलं आणि सगळा प्रकार जाहीर केला. कंपनीनं त्याला 'हॅकर' म्हटलं. म्हणजे नियम फक्त सांगणाऱ्यालाच नाहीत, ऐकणाऱ्यालाही आहेत. तक्रारीचा पत्ता उघड ठेवणं, पोच देणं आणि सांगणाऱ्याला धमकी न देणं ही कंपनीची जबाबदारी आहे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर यंत्रणेत शिरलं तर भरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'मी चांगल्यासाठीच केलं' म्हटल्यानं प्रत्येक वेळी सुटका होईलच असं नाही. म्हणून कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांनी शेजाऱ्याच्या किंवा पोलिसांच्या ड्रोनवर प्रयोग करून पाहू नयेत.

चूक दिसली तर काय करायचं?

१. आपल्याच किंवा लेखी परवानगी मिळालेल्या ड्रोनवरच तपासा. उडवून नाही, जमिनीवर, पंखे काढून.

२. मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, तारीख आणि काय केल्यावर काय झालं, हे क्रमानं लिहून ठेवा. दुसऱ्याची माहिती दिसली तर उतरवून घेऊ नका, तिथंच थांबा.

३. आधी कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेकडे जा. २००४ पासून काम करणारी ही संस्था अशा त्रुटी स्वीकारते आणि कंपनीशी समन्वय साधते.

४. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा रीलमध्ये टाकू नका. दुरुस्तीआधी बोभाटा झाला तर चोरालाच रस्ता सापडतो. पैसे दिले तरच सांगतो, असंही म्हणू नका, ती खंडणी ठरू शकते.

ऑनलाईन पैसे गेले तर १९३० हा नंबर आहेच, पण तो फसवणुकीसाठी. ड्रोनमधली त्रुटी सांगायचा मार्ग वेगळा आहे.

शेतकरी आणि ड्रोन दीदींसाठी

नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरात १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं उद्दिष्ट ठरलं, त्यासाठी ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत. एवढी महाग वस्तू घेताना विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारा. सॉफ्टवेअरचं अपडेट किती वर्षं मिळणार? आणि दोष आढळला तर कळवायचं कुठं? उत्तर लेखी घ्या. आलेलं अपडेट टाळू नका, पासवर्ड बदला आणि ड्रोनचा नोंदणी क्रमांक वहीत लिहून ठेवा. फवारणीत ड्रोन मनानं वळला, आदेश न देता उतरला, तर 'वारा असेल' म्हणून सोडून देऊ नका. वेळ आणि जागा नोंदवून कंपनीला कळवा. बिघाड असो वा घुसखोरी, ती नोंदच पुढच्या गावातला अपघात टाळू शकते.