प्लास्टिकची जुनी घड्याळं आणि मामाचा प्रश्न

मागच्या मे महिन्यात मामाने रत्नागिरीच्या घरातलं लोखंडी कपाट उघडलं आणि 1991 मध्ये मस्कतहून आणलेलं डिजिटल घड्याळ माझ्या हातात ठेवलं. खोक्यासकट, पिशवीसकट. "एकदाही घातलं नाही गं, जपून ठेवलंय." मी पट्टा जरासा वाकवला आणि तो बिस्किटासारखा तुटला. टेबलावर काळा चुरा पडला. मामा थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "घालायला हवं होतं का गं?"

मी पॉलिमरच्या ऱ्हासावर पीएचडी करते. म्हणजे प्लास्टिक कसं मरतं हे बघायचे मला पैसे मिळतात (फेलोशिप वेळेवर आली तर). वर जुनी प्लास्टिकची घड्याळं गोळा करायचा नाद. तरी त्या दिवशी मला धड उत्तर देता आलं नाही.

आधी नादाबद्दल. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरलं की अशी घड्याळं किरकोळ किमतीत मिळतात, आणि त्यातलं इंजिनिअरिंग फार सुंदर असतं. स्वॉचचंच घ्या. 1 मार्च 1983 ला झुरिकमध्ये हे घड्याळ बाजारात आलं, तेव्हा जपानी क्वार्ट्‌झने स्विस उद्योगाचं कंबरडं मोडलं होतं. एल्मार मॉक आणि जॅक म्युलर या दोघांनी नव्वदच्या वर भाग लागायचे तिथे 51 भागांत घड्याळ बसवलं. युक्ती अशी की यंत्र वेगळं बनवून केसमध्ये बसवायचंच नाही. प्लास्टिकच्या केसचा तळ हीच यंत्राची बैठक, भाग वरून रचायचे आणि शेवटी पारदर्शक काच (खरं तर अ‍ॅक्रिलिक) अल्ट्रासॉनिक लहरींनी केसला वितळवून चिकटवायची. म्हणून ते स्वस्त झालं, आणि म्हणूनच ते दुरुस्तीसाठी उघडत नाही. मागे सेलचं झाकण तेवढं नाण्याने फिरवता येतं. तेव्हा "बंद आहे, सेल टाकला की चालेल" असं विकणारा म्हणाला, तर सेल टाकून दाखवा म्हणायचं. आत गेलेल्या सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपलेलं असेल तर खेळ संपलेला असतो.

आता मामाचा पट्टा. त्याचा चुरा मी लॅबमध्ये एफटीआयआरवर ठेवला. 1730 च्या आसपास कार्बोनिलचं शिखर, 1170 जवळ एस्टरचं, आणि 1100 ला ईथरचं जे दणदणीत शिखर यायला हवं ते गायब. म्हणजे पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन. या जातीला पाणी लागतं, आणि त्यासाठी भिजायची गरज नाही, हवेतली वाफ पुरते. पाण्याचा रेणू एस्टर बंध तोडतो, लांब साखळीचे तुकडे होतात. प्रत्येक तुटीला एक आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढच्या तुटीचा वेग वाढवतं. त्यामुळे वर्षानुवर्षं पट्टा ठणठणीत दिसतो आणि मग एकदम जातो. कोकणातले तीस पावसाळे त्या पातळ पिशवीतून आरामात आत गेले होते.

मग सगळं कोरडं ठेवलं की झालं? इथेच माझीही फसगत झाली. मी सगळी घड्याळं एका डब्यात ठेवली होती, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. महिन्यांनी बघते तर एका घड्याळाचा मऊ पीव्हीसीचा पट्टा चिकट झालेला, आणि त्याला टेकलेल्या दुसऱ्या घड्याळाच्या केसवर खड्डा. पीव्हीसी मुळात कडक असतं, त्याला मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात. तो रासायनिक बंधाने बांधलेला नसतो, हळूहळू बाहेर येतो आणि शेजारच्या एबीएसमध्ये शिरून त्याला मऊ करतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातल्या इव्हॉन शाशुआ यांनी यावर बरंच काम केलंय. पीव्हीसी उघड्यावर न ठेवता काचेत बंद ठेवा, म्हणजे प्लास्टिसायझर उडून जायचा वेग मंदावतो, असं त्यातून दिसतं. पॉलियुरेथेनला कोरडेपणा हवा, पीव्हीसीला बंद काच. आपण दोघांनाही 'प्लास्टिक' म्हणतो आणि एका डब्यात कोंबतो.

डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिक मऊ करते.

पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या केसबद्दल हमखास विचारतात. एबीएसमधल्या ब्युटाडाईनच्या दुहेरी बंधांवर ऊन आणि ऑक्सिजन मिळून हल्ला करतात, त्यातून तो रंग येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की पांढरा होतो खरा, पण तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत आणि पिवळेपणा परत येऊ शकतो. मी आता करत नाही. पिवळं तर पिवळं.

गेल्या आठवड्यात मामाला फोन केला. म्हटलं, "घातलं असतंस तरी पट्टा गेलाच असता. घाम, पाऊस, हवा तीच."

"पण वापरून गेला असता," मामा म्हणाला.

"हो."

आतलं यंत्र शाबूत आहे. नवा सेल टाकल्याबरोबर आकडे उमटले. नायलॉनचा कापडी पट्टा ओवून गणपतीला घेऊन जाणार आहे. मामाने आधीच बजावलंय, खोकं आणू नकोस.