डोळ्यावरील वेल : काढावा केव्हा, आणि काढल्यानंतर काय?

उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या नेत्रविभागात एक वाक्य हमखास कानी पडते : “डोळ्यात मास वाढलंय, तेवढं कापून टाका.” बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतून येणाऱ्या शेतकऱ्यांची, ऊसतोड कामगारांची आणि उजनीच्या पाण्यावर जाळी टाकणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. कोणी याला ‘पडदा’ म्हणतो, कोणी ‘वेल’. वैद्यकीय परिभाषेत यास ‘टेरिजियम’ असे नाव आहे. या अहवालाच्या वाचकांत देणगीदार व विश्वस्तांप्रमाणेच रुग्णांचे नातेवाईकही असतात. म्हणून या विकाराच्या उपचारांविषयी यंदा थोडे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘पडदा’ हा शब्द आपल्याकडे मोतीबिंदूसाठीही वापरला जातो. मोतीबिंदू हा डोळ्याच्या आतील भिंगाचा विकार आहे. वेल मात्र डोळ्याच्या बाहेरील पृष्ठभागावर वाढतो. पांढऱ्या भागावर जे पातळ, पारदर्शक आवरण असते, त्याचाच एक त्रिकोणी, रक्तवाहिन्यांनी भरलेला पदर हळूहळू काळ्या बुबुळावर सरकू लागतो. बुबुळाच्या कडेस असलेल्या विशिष्ट पेशी एरवी या आवरणाला बांधाप्रमाणे थोपवून धरतात. वर्षानुवर्षे उन्हातील अतिनील किरणांनी त्या पेशी दुबळ्या झाल्या, की बांध फुटतो.

वेल बहुधा नाकाच्या बाजूनेच का येतो, असा प्रश्न अनेक रुग्ण विचारतात. प्रश्न मार्मिक आहे. कानाच्या बाजूने तिरपा येणारा प्रकाश बुबुळाच्या गोलाईतून वळतो आणि नाकाकडील कडेवर एकवटतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. भिंगाने कागदावर ऊन एकवटावे तसा हा प्रकार होय. म्हणूनच टोपीने किंवा पदराने कपाळावरचे ऊन अडते, पण बाजूने आणि पाण्यावरून उसळून येणारा प्रकाश अडत नाही. हिवाळ्यात भिगवण परिसरात रोहित पक्षी पाहण्यास येणारे पाहुणे काळे चष्मे लावून नावेत बसतात, आणि वर्षभर त्याच पाण्यावर नाव वल्हवणारा नावाडी मात्र उघड्या डोळ्यांनी समोर बसलेला असतो. चष्म्याची खरी गरज कोणाला आहे, हे निराळे सांगावयास नको. धूळ, वारा आणि पाचट जाळल्याचा धूर यांनी डोळ्यांची जळजळ वाढते, ती वेगळीच.

हा विकार शेतकरी समाजात किती आढळतो याची कल्पना विदर्भातील एका पाहणीवरून येते. नागपूरजवळील ग्रामीण भागात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींचे डोळे तपासण्यात आले आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी सुमारे १३ टक्के लोकांत वेल आढळला. म्हणजे दर आठ माणसांमागे एक. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढत गेलेले दिसले.

आता उपचारांकडे वळू. सर्वांत आधी हे स्पष्ट करणे आवश्यक आहे की प्रत्येक वेल कापावा लागत नाही. कित्येक वेल बुबुळाच्या कडेवर येऊन वर्षानुवर्षे तेथेच थांबतात. अशा रुग्णांस आम्ही अश्रूंसारखे ओलावा देणारे थेंब व बाजूनेही झाकणारा चष्मा देतो आणि वर्षातून एकदा मोजमाप घेतो. चष्म्याची काच नुसती काळी असून भागत नाही, ती अतिनील किरण अडविणारी हवी. डोळा फार लाल झाला तर काही दिवसांपुरते सौम्य स्टेरॉइडचे थेंब दिले जातात, परंतु येथेच मोठा धोका आहे. या थेंबांनी लाली झटकन ओसरते, म्हणून रुग्ण तीच बाटली दुकानातून पुनःपुन्हा आणतो. महिनोन्महिने हे थेंब घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. वेल स्वतः असे कायमचे आंधळेपण क्वचितच आणतो. वेल विरघळविणारे कोणतेही थेंब आजमितीस उपलब्ध नाहीत. मध, तुरटीचे पाणी, अंगावरचे दूध यांनीही तो विरघळत नाही, उलट बुबुळावर जखम होऊन जंतुसंसर्ग झालेले रुग्ण आमच्याकडे येतात.

शस्त्रक्रिया केव्हा करावी? वेल बाहुलीच्या दिशेने सरकत असेल, डोळा सतत लाल व दुखरा राहत असेल, किंवा बुबुळाला ओढ बसून चष्म्याचा तिरपा नंबर वाढत असेल, तर करावी. रूप बिघडते म्हणून वेल काढून मागणाऱ्यास, विशेषतः तरुण मुलामुलींस, आम्ही हसत नाही. मात्र कमी वयात वेल पुन्हा येण्याचा संभव अधिक असतो, ही कल्पना आधी देतो. मोतीबिंदू व वेल एकाच डोळ्यात असतील तर मोठा वेल आधी काढून दोन-तीन महिने थांबावे लागते. वेलाच्या ओढीने बुबुळाचा आकार बदललेला असतो. त्या स्थितीत माप घेऊन कृत्रिम भिंग बसविल्यास पुढे वेल काढल्यावर नंबर चुकतो. ‘दोन्ही एकदमच उरका’ असा घरच्यांचा आग्रह असतो. त्यांच्या खेपा वाचाव्यात ही इच्छा आमचीही असते, तरीही येथे थांबण्याविषयी आम्ही ठाम राहतो.

खरा प्रश्न पुढे आहे. वेल कापणे अवघड नाही. तो पुन्हा न येऊ देणे अवघड आहे. ही गोष्ट नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात या विकाराला ‘अर्म’ म्हटले असून त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत. रुग्णास बाजूला पाहावयास सांगून, अर्म आकड्याने उचलून, शस्त्राने कसा छेदावा हे तेथे वर्णिले आहे. छेद अति झाल्यास डोळ्याच्या आतील कोपऱ्यास इजा होते आणि अपुरा झाल्यास वाढ लवकरच परतते, असा इशाराही तेथे आहे. आजच्या शल्यविशारदापुढील पेच याहून फार निराळा नाही.

विसाव्या शतकात बराच काळ वेल काढून ती जागा उघडीच सोडण्याची पद्धत होती. शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते, खर्चही कमी येतो. परंतु उघड्या जागेवर भोवतालचे आवरण पुन्हा चाल करून येते. निरनिराळ्या अभ्यासांत अशा शस्त्रक्रियांनंतर चौथ्या हिश्श्यापासून ते निम्म्याहून अधिक रुग्णांत वेल परतलेला आढळला आहे. आणि परतलेला वेल पहिल्यापेक्षा जाड व चिवट असतो. १९८५ साली अमेरिकेतील डॉ. केन्यन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालील निरोगी आवरणाचा पातळ तुकडा काढून त्या जागी कलम करण्याची पद्धत मांडली. वरचा भाग पापणीच्या सावलीत असल्याने ऊन न लागलेला असतो. ही पद्धत नीट केल्यास पुन्हा वेल येण्याचे प्रमाण बहुतेक अहवालांत दहा टक्क्यांच्या आत राहते. आज जगभर हीच पद्धत प्रथम पसंतीची मानली जाते आणि आम्हीही तीच अवलंबितो.

कलम बसविण्याचे तीन मार्ग आहेत. केसाहून बारीक धाग्याने टाके घालता येतात. ते स्वस्त पडतात, पण काही दिवस डोळ्यात खुपतात. २००४ च्या सुमारास स्वीडनमधील डॉक्टरांनी फायब्रिन नावाच्या जैविक गोंदाने कलम चिकटविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यात वेळ वाचतो, वेदना कमी होतात, वेल परतण्याचे प्रमाणही काहीसे कमी आढळले आहे. मात्र कलम सुटण्याची शक्यता थोडी अधिक असते आणि गोंद महाग असतो. तिसऱ्या मार्गात त्या जागी झिरपणाऱ्या रुग्णाच्या स्वतःच्या रक्तावरच कलम काही मिनिटे दाबून बसविले जाते. यास खर्च जवळजवळ नाही, पण पहिले दोन दिवस रुग्णाने डोळा चोळता कामा नये. दुसऱ्याच दिवशी फडात जाणाऱ्याला हा मार्ग आम्ही सुचवीत नाही.

कलमासाठी पुरेसे आवरण नसेल, किंवा काचबिंदूच्या पुढील शस्त्रक्रियेसाठी वरचा भाग राखून ठेवायचा असेल, तर प्रसूतीनंतर मिळणाऱ्या गर्भवेष्टनाचा शुद्ध केलेला तुकडा वापरतात. परतलेल्या वेलासाठी मायटोमायसिन हे कर्करोगावरील औषध अल्प प्रमाणात काही मिनिटे लावून जागा भरपूर पाण्याने धुतली जाते. औषध प्रभावी आहे, परंतु अति झाल्यास डोळ्याची पांढरी भिंत पातळ होऊन झिजते, तीही कधी वर्षांनंतर. म्हणून ते आम्ही जपूनच वापरतो. ‘लेसरने वेल निघतो का?’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे.

वेलासारखी दिसणारी प्रत्येक वाढ वेल नसते. क्वचित ती पृष्ठभागावरील कर्करोगाची सुरुवात असते. झपाट्याने वाढणारी, जेलीसारखी किंवा पांढरट खपली असलेली, जाड रक्तवाहिन्या आत शिरलेली वाढ दिसल्यास तिची शस्त्रक्रिया वेगळ्या पद्धतीने, भोवतालच्या निरोगी भागासह करावी लागते. साधा वाटणारा वेलही काढल्यावर आम्ही फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवितो. रुग्णाकडून या तपासणीचे शुल्क घेतले जात नाही. तो भार न्यास उचलतो.

येथे एक कबुली देणे योग्य ठरेल. कलमाची पद्धत सुरू करण्यापूर्वी आमच्या रुग्णालयातही वेल काढून जागा उघडी सोडली जात असे. त्या काळी शस्त्रक्रिया झालेली बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड भगिनी काही हंगामांनंतर पुन्हा आली. परतलेला वेल बाहुलीच्या कडेपर्यंत पोहोचला होता आणि आतल्या घट्ट ओढीमुळे डोळा बाहेरच्या बाजूस पुरता वळत नव्हता. त्या बाजूला पाहिले की तिला दोन दिसत. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीच्या तिप्पट वेळ चालली. दोन दिसणे थांबले, बुबुळावरील डाग मात्र राहिला. ऊसतोडीत नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. ती बसून राहिली तितके दिवस त्यांचा कोयता मोडला, खाडे पडले आणि उचल फिटायची तशीच राहिली. तिने तक्रार केली नाही. आम्हीच ती विसरू शकलेलो नाही.

देणगीदार बंधुभगिनींना हे सांगण्याचे कारण आहे. अहवालातील तक्त्यात मोतीबिंदू आणि वेल यांची प्रत्येक शस्त्रक्रिया ‘एक’ म्हणूनच मोजली जाते. कलमासह वेल काढण्यास अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात मोतीबिंदूच्या अनेक शस्त्रक्रिया होतात. त्यामुळे वेलाचा आकडा लहान दिसतो. जागा उघडी सोडली तर आकडा नक्की वाढेल, आणि गंमत अशी की वेल परतलेला रुग्ण तक्त्यात दोनदा मोजला जाईल.

उरते ती पुढील तपासणीची अडचण. वेल परतला तर बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच परततो, म्हणून पहिला दिवस, पहिला आठवडा, पहिला महिना, नंतर तिसरा, सहावा व बारावा महिना असे रुग्णाने येणे आवश्यक असते. स्थानिक रुग्ण येतात. बीड व अहिल्यानगर जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे मात्र पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की बिऱ्हाड उचलून गावी परततात. हंगामाच्या आरंभी शस्त्रक्रिया करावी तर खाडे पडतात, शेवटी करावी तर तपासणी हुकते. जेथे थांबणे शक्य आहे तेथे आम्ही थेंब व चष्मा देऊन थांबतो. जेथे शक्य नाही तेथे आरंभीच शस्त्रक्रिया करून हंगामभर डोळ्यावर लक्ष ठेवतो, आणि परतताना रुग्णाच्या गावाजवळील नेत्रतज्ज्ञाच्या नावे चिठ्ठी देतो. या रुग्णांना सहाव्या महिन्याच्या तपासणीसाठी येण्याजाण्याचे एस. टी. भाडे देता यावे, असा विचार विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे.

तपासणीस येताना रुग्णाने पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद असल्यास आणावेत, आणि डोळ्यात घालत असलेल्या थेंबांची बाटलीही आणावी. बाटलीवरचे नाव पुसले गेले असले तरी ती आणावीच. दुकानदाराने दिलेली असली तरी संकोच करू नये.