पोकळ भिंत : गरमी अडवायची तर आधी हवा कोंडावी लागते

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, कुठेही नवीन घर निघाले की नमुना एकच. कॉलम-बीम, नऊ इंची विटांची भिंत, वर स्लॅब. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. दुपारी चारला पश्चिमेच्या भिंतीवर पडलेले ऊन नऊ इंच वीट पार करून आत यायला पाच-सात तास घेते. म्हणजे बाहेरची हवा निवू लागते तेव्हा भिंत आतून तापलेली असते. घरातच शिलाई, भरतकाम किंवा दुरुस्तीचे काम करणाऱ्या कारागिराची झोपही जाते आणि दुसऱ्या दिवसाची मजुरीही कमी होते.

यावर दुहेरी पोकळ भिंत आणि तिच्यात गरमी अडवणारा थर हा चांगला इलाज आहे. मात्र एकदा भिंत बंद झाली की आतली चूक बाहेरून दिसत नाही आणि दुरुस्तही होत नाही. म्हणून काम चालू असताना मालकाने स्वतः काय पाहायचे, ते माहीत असले पाहिजे.

गादी-रजईच्या धंद्यातल्या माणसाला हे समजायला वेळ लागणार नाही. रजईत ऊब कापसाची नसते, कापसात अडकलेल्या हवेची असते. पिंजारी कापूस पिंजतो तो हवा भरण्यासाठीच. कापूस ओला झाला की ऊब गेली, एका कोपऱ्यात गोळा झाला की बाकीची रजई थंड. भिंतीतही नेमके हेच होते. फरक इतकाच की रजई आतली गरमी बाहेर जाऊ देत नाही आणि इथे बाहेरची आत येऊ द्यायची नाही.

कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. सेवाग्रामची बापू कुटी 1936 च्या सुमाराची. तिच्या मातीच्या भिंती आणि कवेलूंचे छप्पर आजही पाहता येते. वर्ध्याजवळ दत्तपूरला 1976 मध्ये सुरू झालेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराच्या चाकावरचे शंकूच्या आकाराचे पोकळ कवेलू एकात एक बसवून छताच्या कमानी केल्या. तिथेही पोकळीतली हवा कामाला लावली आहे. केरळात लॉरी बेकर यांनी विटा उभ्या रचून मध्ये पोकळी सोडणारी ‘रॅट ट्रॅप’ बांधणी रूढ केली. नऊ इंची भिंतीत तिने सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात. ज्याचे बजेट तंग आहे त्याने एवढे केले तरी साध्या भिंतीपेक्षा बरे.

पण नुसती पोकळी हा अर्धाच इलाज. पोकळीत हवा मोकळी फिरते आणि गरमी एका विटेवरून दुसऱ्या विटेवर पोहोचवते. पोकळी इंचभर रुंद झाली की त्यापुढे आणखी रुंद करून फारसा फायदा नाही. तिच्यात थर्माकोलचा पत्रा बसवला तर मात्र हिशेब बदलतो. एक इंच थर्माकोल गरमी अडवण्यात सुमारे वीस इंच विटांच्या बरोबरीचा आहे.

थर्माकोल घेताना कापडाचा जीएसएम पाहतो तसे वजन पाहावे. 1 मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर जाड पत्र्याचे वजन 400 ग्रॅम भरले तर माल घनमीटरला 16 किलोचा, 500 भरले तर 20 किलोचा. यापेक्षा हलका माल पॅकिंगचा समजावा. आग लवकर न धरणारी जात मागावी, कारण साधा थर्माकोल काळा धूर करत जळतो. कुणी स्वस्तात कापूस, भुसा किंवा चिंध्या भरण्याचा सल्ला देईल. तो ऐकू नये. आपल्याकडे उधई आहे आणि चार महिने पाऊस आहे.

रचना अशी : बाहेर चार इंची भिंत, मग इंच-दीड इंच मोकळी जागा, मग दोन इंच थर्माकोल आणि आतली भिंत. पत्रा आतल्या भिंतीला घट्ट चिकटून बसला पाहिजे. इथेच बहुतेक मिस्त्री घाई करतात. आतल्या विटांच्या सांध्यांतून बाहेर आलेला मसाला थापीने साफ केला नाही तर पत्रा अंतरावर राहतो, त्याच्या मागून हवा फिरते आणि पैसे वाया जातात. दोन पत्र्यांत फट नको, वरच्या ओळीचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ नयेत.

मोकळ्या जागेत मसाला पडू देऊ नये. पडलेला मसाला पुलासारखा साचतो आणि पावसाचे पाणी त्यावरून आत येते. ब्रिटनमध्ये 1970 नंतर जुन्या पोकळ भिंती मोठ्या प्रमाणावर भरल्या गेल्या, तेव्हा जास्त पावसाच्या भागातल्या अनेक घरांत ओल आली, त्यात हेही एक कारण होते. उपाय स्वस्त आहे. गोणपाट गुंडाळलेली फळी दोरीने पोकळीत सोडावी आणि दर काही थरांनी वर ओढून साफ करावी.

दोन्ही भिंती एकमेकींना बांधणारे तारेचे आकडे म्हणजे रजईचे टाके. आडवे तीन फुटांवर, उभे दीड फुटावर, दारे-खिडक्यांशेजारी फूटभर अंतरावर. आकडा जस्ताचा किंवा स्टेनलेसचा हवा, साधी सळई गंजून सांधे फोडते. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवावा. पोकळीच्या तळाशी, जोत्याच्या ओलरोधक थराच्या वर, बाहेरच्या भिंतीत तीन-तीन फुटांवर पाणी निघायला भोके ठेवून त्यांवर बारीक जाळी लावावी, नाहीतर विंचू-पाली मुक्काम करतील.

वायरमनला भिंत बांधण्याआधीच बोलवावे. चार इंची भिंतीत नंतर झिरी मारली की ती पोकळीत उघडते. वायर पाइपातूनच न्यावी, कारण थर्माकोलला चिकटलेल्या वायरचे प्लास्टिक काही वर्षांत कडक होऊन तडकते.

आता पैशाचा सवाल. एकमजली घरात दिवसभर ऊन खाणारा स्लॅब असतो, म्हणून पहिला खर्च स्लॅबवर करावा. भिंतींपैकी आधी पश्चिम, मग पूर्व. मेअखेर आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दक्षिणेच्या भिंतीला छज्जाच पुरतो. पश्चिमेची भिंत 30 फूट लांब आणि 10 फूट उंच धरली तर 300 चौरस फूट, म्हणजे वर सांगितलेल्या मापाचे 56 पत्रे. खिडक्या वजा करा आणि काटछाटीसाठी चार-पाच जास्त घ्या.