मुळशीच्या काठावर एक रात्र

पुण्याच्या चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट, पौड असे गेले की मुळशीचा जलाशय लागतो. चहूकडे सह्याद्रीचे डोंगर, पुढे ताम्हिणी घाट. सुट्टीच्या दिवशी अनेक कुटुंबे मुलाबाळांसह इथे तंबूत मुक्कामाला येतात.

पाणी पाहून मुले हरखतात. त्यांना सांगा, हे तळे माणसाने केलेले आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतले. भातशेती आणि घरे बुडणार म्हणून शेतकरी उठले. १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. त्यांनी तुरुंगवास भोगला, तरी धरण झालेच आणि गावे पाण्याखाली गेली. आजही हे पाणी डोंगर उतरून कोकणातल्या भिरा वीजकेंद्राला जाते.

जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, अशी कुरआनची शिकवण आहे. मुळशीला ती मुलांना समोर दाखवता येते. आपल्या घरातल्या दिव्यामागे कोणाची तरी जमीन गेलेली असू शकते, हे त्यांना कळू द्या.

आता तयारीचे. मुक्काम ठरवतानाच मांस हलाल आहे का आणि रात्री दारू व मोठ्या आवाजात गाणी चालतात का, हे विचारा. खात्री नसेल तर मसाला लावलेले चिकन बर्फात ठेवून घरूनच न्या. पुण्याहून अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर आहे. हनफी मसलकात कसरसाठी साधारण ७८ किलोमीटरचा प्रवास लागतो, म्हणून पुणेकरांनी नमाज पूर्ण अदा करावी. मुंबईहून येणाऱ्यांना कसर आहे. किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. वुजूला पाणी भरपूर असले तरी जपून वापरा.

काठ एकदम खोल होतो. पोहता येत असले तरी मुलांना पाण्यात सोडू नका. तंबू काठापासून दूर लावा आणि शेगडी कधीही तंबूत नेऊ नका.

फजरनंतर धुके विरत असताना सर्वांनी मिळून कचरा गोळा करा. ज्यांनी ही जमीन गमावली, त्यांच्या गावावर आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने घर स्वच्छ ठेवूनच निघावे.