रक्तवाहिनीचे अस्तर

हृदयविकार हा शहरातील स्थूल माणसांचा रोग, अशी बाजारकुणंगसारख्या डोंगरी भागात बऱ्याच जणांची समजूत आहे. रोज चढउतार करणाऱ्या सडपातळ माणसाला तो कसा व्हावा, असे वडीलधारे विचारतात, आणि विचारता विचारता बिडी शिलगावतात.

धमनीच्या आतल्या बाजूस पेशींचा केवळ एकपदरी थर असतो. पूर्वी त्याला निव्वळ अस्तर मानीत. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन प्रयोग करीत. ॲसिटिलकोलीनच्या जातीचे द्रव्य घातले की तुकडा आकसे. १९७८ साली मात्र तो सैल पडू लागला. शोध घेता उलगडा झाला, की पूर्वी हाताळताना अस्तर घासून निघून जाई. या वेळी ते शाबूत राहिले होते. सैल होण्याची आज्ञा अस्तराकडूनच येत होती! १९८० साली हे प्रसिद्ध झाले. आज्ञा पोचविणारा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू, हे पुढे ठरले आणि १९९८ चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना मिळाले. छातीत कळ येताच जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळीही याच वाटेने काम करते.

हेच अस्तर धमनीत रक्त गोठू देत नाही व पांढऱ्या पेशींना चिकटू देत नाही. धूर, रक्तदाब, मधुमेह यांनी ते बिघडले की कोलेस्टेरॉल वाहणारे कण भिंतीत साचतात. पांढऱ्या पेशी मागोमाग आत शिरतात, ते गिळून फुगतात व तेथेच मरतात. हे विशेषेकरून धमनीला फाटे फुटतात तेथे घडते, कारण तेथे प्रवाह मंद व भोवऱ्याचा असतो. काळी नदीच्या वळणावर गाळ बसावा तसे. वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. एके दिवशी थरावरचा पापुद्रा फाटतो, रक्ताची गुठळी होते आणि झटका येतो.

राहिला सडपातळपणा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! अशी न दिसणारी चरबी मधुमेहाला वाट करून देते. बिडीचा धूर तर सडपातळ आणि स्थूल असा भेदच करीत नाही. बिडी सोडल्यावर अस्तराचे काम सुधारू लागते. आधी साचलेला थर मात्र सहजासहजी जात नाही.