व्हिलांद्री : भाजीच्या वाफ्यांचं वैभव

फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात जुन्या महालांची वानवा नाही. पण तूर शहराजवळच्या व्हिलांद्रीला लोक जातात ते बागेसाठी, आणि बागेतही कोबी, बीट, गाजर पाहायला!

हा महाल राजा पहिला फ्रान्स्वा याचा अर्थमंत्री झ्याँ ल ब्रतों याने १५३६च्या सुमारास बांधला. त्याआधीच्या किल्ल्याचा एक बुरूज तेवढा त्याने ठेवला. पुढच्या मालकांनी मात्र मनाला येईल ते केलं. अठराव्या शतकात दर्शनी भिंतींचं रूप पालटलं, खंदक बुजले. एकोणिसाव्या शतकात आखीव बाग मोडून तिथे इंग्रजी धाटणीचं उपवन झालं.

१९०६ साली जोआकिम कार्व्हालो या स्पॅनिश डॉक्टराने आणि त्याची अमेरिकन पत्नी अ‍ॅन कोलमन हिने महाल विकत घेतला. पॅरिसमध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ शार्ल रिशे यांच्या प्रयोगशाळेत दोघं संशोधन करत होती. पुढे १९१३ मध्ये रिशे यांना नोबेल मिळालं. कार्व्हालो मात्र तोवर विज्ञान सोडून इथे रमला होता. त्याचं पहिलं काम पाडण्याचं, खणण्याचं होतं. नंतर चिकटवलेले सज्जे उतरले, मूळ दगडी चौकटींच्या खिडक्या परतल्या, खंदक पुन्हा खणले गेले.

बागेचं काम अवघड होतं. जमिनीत जुन्या भिंतींचे पाये आणि पाण्याच्या नळांचे अवशेष सापडले. सोळाव्या शतकातला वास्तुकार द्यु सेर्सो याच्या बागचित्रांचा आधार होता, मठांतल्या मळ्यांची परंपरा होती. जिथे पुरावा संपला तिथे कलावंतांनी आखणी केली. म्हणजे आजची बाग मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. म्हणून तिचं मोल कमी होतं असं मला वाटत नाही. जुन्याची शिस्त मनापासून पाळून केलेलं ते नवं काम आहे.

भाजीच्या मळ्यात सारख्या आकाराचे नऊ चौक, प्रत्येकाची नक्षी निराळी. वाफ्यांना बॉक्सवुडची बुटकी किनार. आत निळसर लीक, जांभळा कोबी, बीटची लालबुंद पानं, शेजारी गाजराचा पोपटी पाला. वर्षातून दोनदा सगळं उपटून नव्याने लावायचं. रंग जुळायला हवेत, पण बेवडही सांभाळायला हवा. तीन वर्षांच्या फेरपालटीत एका कुळातली भाजी त्याच वाफ्यात लागोपाठ येत नाही. २००९ पासून बाग सेंद्रिय पद्धतीने चालते. तण खुरपूनच काढतात. ही डागडुजी कधीच पुरी होत नाही, आणि तिची खरी थोरवी मला तिथेच दिसते.

१९२४ मध्ये कार्व्हालोने ऐतिहासिक वास्तूंच्या मालकांची संघटना उभी केली. महाल आजही त्याच्या वंशजांकडे आहे.

कधी गेलात तर लक्षात ठेवा : वसंतातली लावणी मार्च ते जून असते, उन्हाळ्यातली जून ते नोव्हेंबर. कोबी-भोपळे ऐन भरात पाहायचे तर सप्टेंबर गाठा. आणि मळ्यात उतरण्याआधी बुरुजावर चढा. नऊ चौकांची नक्षी तिथूनच नीट कळते.